कुत्र्याच्या शेंपटाखालचें दुखणें आणि आमची लाज

ह्या मासिकांत बैलाच्या खांद्यास येणाऱ्या सुजेवर, म्हशीच्या कासेवर, शेळ्यांच्या आंत्रविषारावर वेळोवेळीं लेख येतात व वाचक ते आवडीनें वाचतात. कुत्र्यावर मात्र आमच्या पाहण्यांत एकहि लेख आलेला नाहीं. त्यांतून आमचा आजचा विषय कुत्र्याच्या गुदद्वाराजवळील ग्रंथींचा. तेव्हां कित्येक वाचक पहिल्याच ओळीला नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्यानें दोन्ही हातांनीं शेण भरलें, गाईची वार पडत नाहीं म्हणून रात्र गोठ्यांत जागून काढली, त्यानें ह्या एका जागेचीच लाज कां धरावी, हें आम्हांस कळत नाहीं.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत, नांदेड जिल्ह्याच्या तहसील कचेऱ्यांत, कारकुनी करण्यांत गेली; वडिलार्जित शेती मात्र लातूर जिल्ह्यांतील अहमदपूर तालुक्यांत. रानडुकरांनीं भुईमूग उकरला, रोह्यांनीं हरभरा खाल्ला, असे पंचनामे आमच्या हातून किती लिहून झाले त्याची मोजदाद नाहीं. ते लिहितांना एक गोष्ट वारंवार नजरेस येई. ज्या आखाड्यावर जागतें कुत्रें असे, तेथील शेतकरी अर्ज घेऊन कचेरींत क्वचितच येई. अतिवृष्टीच्या वर्षीं मृत जनावरांच्या याद्या होत. त्यांत दुभतीं जनावरें, ओढकामाचीं जनावरें, वासरें, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या असे रकाने असत. कुत्र्यास रकाना नसे, व आजहि नाहीं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत कुत्रीं मोजलीं गेलीं खरीं. म्हणजे कुत्रा गणतींत येतो, मदतींत येत नाहीं. पण सरकारास दोष देण्यापूर्वीं आपल्या घराकडे पाहावें हें बरें, कारण आमच्याहि मनांतल्या वहींत त्याला रकाना नाहीं.

आपल्या मुलुखांत कारवानी कुत्रा सर्वांच्या ओळखीचा आहे. उंच, सडपातळ, छाती खोल, कंबर आंत गेलेली, तोंड लांबट. वासापेक्षां नजरेनें शिकार धरणारा. व्यापाऱ्यांच्या कारवानाबरोबर आला म्हणून कारवानी, असें सांगतात. त्याचाच जवळचा आप्त कर्नाटकांत मुधोळच्या नांवानें प्रसिद्धीस आला, आणि २००५ सालीं टपाल खात्यानें त्याचें चित्र तिकिटावर छापलें. आमच्याकडील कारवानी तांड्यावर, मळ्यावर, आखाड्यावर निमूटपणें राबत राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि सशामागें धांवणारें हें जनावर राखणीला बसलें. कोठें कोठें तें दिवसभर सांखळीला असतें व भाकरीऐवजीं पाव-बिस्किटें खातें. ह्या बैठ्या जिण्याचा आमच्या विषयाशीं संबंध आहे, तो पुढें येईलच.

आमचा खंड्या ह्याच जातीचा. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतून, मार्गशीर्षाच्या थंडींत, उपरण्यांत गुंडाळून आम्हीं तो आणला. नांवहि देवावरूनच ठेविलें. पांचव्या वर्षीं, तुरीच्या राशीच्या दिवसांत, तो मागचें अंग जमिनीस टेकवून पुढच्या पायांनीं स्वतःस ओढीत चालूं लागला. सालगडी हसून म्हणाला, "मालक, खंड्याला जंत झाल्यात." आम्हांसहि तेंच वाटलें. जंताचें औषध दिलें. आठ दिवसांनीं पुन्हां तेंच, म्हणून पुन्हां दिलें. तिसऱ्यांदां देतांना तर विचारहि केला नाहीं. शेंपटाखालीं सारखें चाटणें, एकाएकीं दचकून मागें वळून पाहणें, बसतांच उठणें, अंगास कुजक्या मासळीसारखी दुर्गंधि येणें, हें सारें आम्हीं पाहिलें आणि त्याचा अर्थ लाविला नाहीं. घरच्या मंडळींनीं त्याला ओसरीवरून हांकलून गोठ्यांत बांधला. एके सकाळीं गुदद्वाराच्या उजव्या अंगास लिंबाएवढी लाल सूज दिसली. दुसऱ्या दिवशीं ती फुटली, रक्त व पू वाहूं लागला, माशा बसूं लागल्या. तेव्हां कुठें आम्हीं त्याला चादरींत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकांकडे नेला. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा: किती दिवसांपासून घसरतो आहे? आम्हीं अदमासें महिना सांगितला. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर तारखा घालणाऱ्या माणसास आपल्याच कुत्र्याच्या दुखण्याची तारीख सांगतां आली नाहीं. लाज धरावयाचीच तर ती येथें.

त्यांनीं समजावून दिलें तें असें. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, कातडीखालीं, एकेक लहान पिशवी असते. तेथें घड्याळाची तबकडी कल्पिली, तर चार व आठ ह्या आंकड्यांच्या जागीं त्या सांपडतात. गुदद्वार आवळणारे दोन स्नायु असतात, एक आंतील व एक बाहेरील. त्यांच्यामध्यें त्या बसलेल्या. पिशवीच्या अस्तरांतील ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव पाझरतो, आणि बारीक नळीवाटें तो गुदद्वाराच्या कडेस येतो. मल घट्ट असला म्हणजे तो बाहेर पडतांना पिशव्यांवर दाब येऊन त्या आपोआप रित्या होतात. दोन कुत्रीं भेटलीं कीं एकमेकांच्या शेंपटाखालीं हुंगतात, त्याची आपणांस किळस वाटते. त्यांचा तो रामराम आहे. तरसास अशीच पिशवी असते, आणि तें तिच्यांतला द्रव गवताच्या काडीस पुसून आपली हद्द कायम करतें. आम्हां महसूलवाल्यांच्या हद्दीच्या दगडाहून त्यांत निराळें कांहीं नाहीं. जवादी मांजराच्या त्याच भागांतील ग्रंथींचा स्राव तर माणसानें अत्तरांत घातला. मग कुत्र्यापुरतेंच नाक मुरडण्याचें कारण काय?

मल सैल झाला कीं हा दाब पडत नाहीं. द्रव सांचतो, आटून खळीसारखा दाट होतो, नळी बुजते. मग ठणका, मग जंतुसंसर्ग, आणि शेवटीं गळूं. आतां मल सैल कां होतो? येथें वाचकांनीं थोडें थांबावें, कारण दोष पुष्कळदां प्रेमाचाच निघतो. पिलूपण सरल्यावर कित्येक कुत्र्यांची दुधांतील साखर पचविण्याची शक्ति कमी होते. आम्ही खंड्यास रोज सकाळीं तांब्याभर म्हशीचें दूध घालीत होतों आणि आल्यागेल्यास तें कौतुकानें सांगतहि होतों! दुपारीं नातवंडांच्या हातचीं बिस्किटें, रात्रीं उरलेला भात. ज्वारीची भाकरी, जी त्याच्या आईनें व आजीनें खाल्ली असेल, ती त्याच्या पुढ्यांत क्वचितच पडे. चोथा कमी, धांवणें बंद, अंगावर मेद, असा तो सारा प्रकार झाला होता. कातडीची खाज किंवा एखादें अन्न न मानवणें हेंहि ह्या दुखण्याचें मूळ असूं शकतें. शहरांत हल्लीं जीं लहान जातीचीं कुत्रीं पाळतात, त्यांच्यांत तें अधिक आढळतें. जंतांचा संशय अगदींच खोटा नव्हे. पिसवांवाटें पोटांत जाणाऱ्या पट्टकृमीनेंहि तेथें खाज सुटते. पण मग मलांत किंवा शेंपटाखालच्या केसांत भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात. ते पाहिल्यावांचून औषधावर औषध ओतूं नये, हें आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगतों.

आमच्याकडील घरगुती उपायांविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. बिब्बा लावणें, तापल्या लोखंडानें डाग देणें, इंजिनाचें जळकें तेल किंवा फिनेल ओतणें, हे सारे प्रकार त्या नाजूक जागीं निव्वळ छळाचे आहेत. बिब्ब्यानें माणसाची कातडी उतते, तर कुत्र्याची काय कथा! आणखी एक नवा उपाय निघाला आहे, तो म्हणजे घरच्या डब्यांतील अंगदुखीची गोळी भाकरींत घालून देणें. माणसाच्या कित्येक वेदनाशामक गोळ्यांनीं कुत्र्याच्या आंतड्यास जखमा होतात व मूत्रपिंडें बिघडतात. गोळी लहान दिसते म्हणून तिचा अपाय लहान होत नाहीं.

पशुवैद्यकांनीं प्रथम खंड्याचें तोंड सुती पट्टीनें बांधलें, कारण दुखऱ्या जागीं हात लागला तर शहाणा कुत्राहि चावतो. गळूं फुटलेलें असल्यामुळें तें त्यांनीं पिळलें नाहीं. जखम धुतली, आंतील घाण काढली, प्रतिजैविक दिलें, आणि चाटतां येऊं नये म्हणून गळ्यांत पसरट गळपट्टा अडकविला. घरीं हातास सोसेल इतक्या ऊन पाण्याच्या फडक्यानें दिवसांतून तीन-चार वेळां शेक द्यावयाचा होता. तिसऱ्या दिवशीं खंड्या बरा दिसूं लागला व गोळ्या बंद करण्याचा मोह आम्हांस झाला. सूनबाईंनीं आमचें ऐकलें नाहीं आणि सांगितलेले सारे दिवस औषध दिलें. पिशवी नुसती तुंबलेली असेल तर ती रिती करणें दोन मिनिटांचें काम असतें. रबरी मोजा घालून, वंगण लावून, तर्जनी आंत व अंगठा बाहेर ठेवून हलका दाब द्यावयाचा. हें कोणीहि पुस्तकांत वाचून करूं नये. पशुवैद्यकांच्या देखत शिकावें, आणि निरोगी कुत्र्यावर तर मुळींच करूं नये, कारण उगाच पिळण्यानेंहि सूज येते. दुखणें पुन्हां पुन्हां उलटत असेल तर पिशव्या शस्त्रक्रियेनें काढतां येतात. परंतु त्या स्नायूंजवळील मज्जातंतूंस धक्का लागल्यास कुत्र्यास मल आवरत नाहीं, म्हणून तेथें सरावाचाच हात पाहिजे. आपल्या सुदैवानें उदगीर व परभणी अशा दोन ठिकाणीं पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत. म्हाताऱ्या कुत्र्यास तेथें घट्ट गांठ लागत असेल व त्याची तहान फार वाढली असेल, तर मात्र एक दिवसहि दवडूं नये. ती गांठ कर्करोगाचीहि असूं शकते.

हें सर्व लिहिण्यास निमित्त झालें तें निराळेंच. आमच्या शेजारच्या गांवच्या एका सधन कास्तकारानें आपला उमदा कुत्रा "वास मारतो" म्हणून टेंपोंत घालून दूरच्या बाजारगांवीं सोडून दिला. त्याचीं लक्षणें आम्हीं विचारलीं तों तीं खंड्याच्याच दुखण्याचीं निघालीं. दोन मिनिटांच्या कामासाठीं सहा वर्षांची राखण त्यानें रस्त्यावर टाकली. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणाऱ्या कायद्याप्रमाणें पाळीव जनावर असें सोडून देणें हा गुन्हा आहे. त्याचा दंड इतका क्षुल्लक आहे कीं तो सांगून कोणास धाक वाटेल असें नाहीं. पण ठणक्यानें वेडावलेला, उपाशी, लस नसलेला कुत्रा बाजारांत पोरांच्या घोळक्यांत फिरतो, तेव्हां तो प्रश्न त्या कास्तकाराच्या घरचा राहत नाहीं. पिसाळ रोगाचीं लक्षणें माणसांत एकदां दिसूं लागलीं कीं बहुधा कोणीहि वांचत नाहीं. चावा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत लस सुरू करावी.

आमची संघाच्या कार्यकारी मंडळास विनंति आहे ती अशी. गांवोगांव लाळ-खुरकुताच्या लसीचें शिबिर भरतें, त्याच दिवशीं कुत्र्यांस पिसाळ रोगाची लस देण्याची व्यवस्था पंचायत समितीकडे खटपट करून करवावी, आणि लस टोंचतांना शेंपटाखालीं एकदां पाहून घेण्याची विनंति पशुवैद्यकांस करावी. माळेगांवच्या यात्रेंत घोड्या-बैलांप्रमाणें कुत्र्यांचाहि बाजार भरतो. तेथें संघाच्या राहुटींत एक मेज कुत्र्यांच्या तपासणीसाठीं ठेविल्यास खर्च फारसा येणार नाहीं. ज्यांस दवाखाना दूर पडतो त्यांनीं १९६२ ह्या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी, व कुत्र्यासाठीं विचारतों असें सांगण्यास संकोच करूं नये.

खंड्याचें दूध बंद आहे. ज्वारीची भाकरी, वरण, शिजविलेला लाल भोपळा, आठवड्यांतून दोनदां अंडें. कांदा व द्राक्षें त्याच्यापासून दूर ठेवतों, कारण दोन्ही कुत्र्यास विषासारखीं आहेत. सकाळ-संध्याकाळ सालगड्याबरोबर तो बांधाबांधानें फिरतो. पशुवैद्यकांस दर दोन महिन्यांनीं दाखवावयाचें असतें, ती तारीख आम्ही भिंतीवरील दिनदर्शिकेंत पीकपाहणीच्या नोंदीशेजारीं लिहून ठेवितों. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.