कादंबरीला महिना पुरतो

‘कादंबरी अशी महिन्यात होत नसते.’ ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही साहित्य कट्ट्यावर कुणी ‘येत्या नोव्हेंबरात कादंबरी लिहून काढणार आहे’ असं म्हणालं, की हे वाक्य ऐकू येणारच. बोलणारे वडीलधारे असतात, जाणते वाचक असतात, मराठीविषयी त्यांना खरी कळकळ असते. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. मोघम प्रोत्साहनाने भागणार नाही, कारण त्या एका वाक्याने पहिल्या प्रकरणाच्या पुढे न गेलेल्या वह्या आपल्याकडे घरोघरी आहेत.

आधी हा उपक्रम काय ते सांगतो. जुलै १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्यांचे मित्रमैत्रिणी, असे एकवीस जण, महिन्याभरात कादंबरी लिहायची म्हणून बसले. पुढच्या वर्षापासून त्यासाठी नोव्हेंबर ठरला. नियम साधा होता. १ ते ३० नोव्हेंबर या काळात पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज सरासरी १,६६७ शब्द लिहायचे. ‘नॅनोरायमो’ या नावाने हा उपक्रम जगभर पसरला आणि दरवर्षी लाखो माणसं त्यात उतरू लागली. बक्षीस काही नव्हतं. जो पुरा करील तो जिंकला, एवढंच.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप असा, की घाईने लिहिलेलं साहित्य नसतं. कादंबरी मुरावी लागते. दुसरा, शब्द मोजत लिहिणं ही कारखानदारी आहे आणि ती परकी आहे. तिसरा, सकाळी लोकलने जाऊन रात्री लोकलने परतणाऱ्या माणसाला महिनाभर लिहिणं जमणारच नाही. आणि चौथा हल्लीचा, की हा उपक्रम चालवणारी संस्था स्वतःच बुडाली, शिवाय आता यंत्र क्षणात पन्नास हजार शब्द लिहून देतं, मग हा खटाटोप कशाला?

पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यायला मराठीबाहेर जायची गरज नाही. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ साली सांगवीला, आपल्या गावी, जेमतेम पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली आणि तिथून पुढची मराठी कादंबरी बदलली. यावर लगेच म्हटलं जातं, ‘ते नेमाडे होते.’ कबूल. पण मग वाद प्रतिभेचा झाला, वेळेचा राहिला नाही. पंधरवड्यात ‘कोसला’ होऊ शकते आणि वीस वर्षं उराशी धरलेली कादंबरी निर्जीव निघू शकते, तर लिहायला लागलेल्या दिवसांवरून पुस्तकाचा कस ठरत नाही.

मुरण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. प्रश्न एवढाच, की मुरणं घडतं केव्हा? दोस्तोयव्हस्कींनी ‘जुगारी’ ऑक्टोबर १८६६मध्ये सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली. प्रकाशकाशी केलेला करार असा जाचक होता, की मुदत चुकली तर पुढची नऊ वर्षं त्यांच्या लेखनाचे हक्क फुकट गेले असते. आना स्नित्किना ही तरुण लघुलेखिका रोज त्यांच्याकडून मजकूर उतरून घ्यायची आणि घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची. पण या कादंबरीची कल्पना त्यांनी तीन वर्षांपूर्वीच, १८६३च्या एका पत्रात, मित्राला कळवलेली होती. काझुओ इशिगुरो यांनी ‘द रिमेन्स ऑफ द डे’चा गाभा १९८७च्या उन्हाळ्यात चार आठवड्यांत उतरवला. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत, जेवणापुरतं उठून. वाक्यं वाईट होतायत, संवाद फसतायत, तरी त्यांनी हात थांबवला नाही. त्याआधी मात्र कादंबरीतल्या काळाचा आणि बटलरांच्या आयुष्याचा त्यांचा भरपूर अभ्यास झालेला होता. मुरणं आधी झालं, लिहून काढणं नंतर. आपले आक्षेपक ही दोन कामं एकच समजतात आणि तिथेच चुकतात.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. रोज ठरलेलं, मोजून, खंड न पाडता करायचं, हे आपल्याला परकं कधीपासून झालं? गुरुचरित्राच्या सप्ताहात कुठल्या दिवशी किती अध्याय वाचायचे ते ठरलेलं असतं, आणि ते पाळल्याने भक्ती पातळ होते असं कुणी म्हणत नाही. चातुर्मासातले नेम आपल्या आज्यांनी असेच निभावले. नेमाचा उपयोगच हा, की आज मन लागतंय का हा प्रश्न रोज उठून सोडवावा लागत नाही. मराठी कादंबरीही वारावर वाढलेली आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. साप्ताहिकाचा अंक लेखकाच्या लहरीसाठी थांबत नाही. बालविधवांच्या दुःखाची मराठीतली इतकी जिवंत कादंबरी आठवड्याच्या तगाद्याखाली लिहिली गेली, हे शब्द मोजण्याला नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आकडा मात्र आपण आपला ठरवावा. पन्नास हजार हा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडली जातात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. चाळीस हजार शब्द, म्हणजे रोज साधारण १,३५०, हे माप मराठीला पुरेसं आहे. छापल्यावर दीडशे पानांच्या आसपास जाईल असा तो ऐवज होतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. हा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर जवळपास पन्नास किलोमीटरचं. जलद गाडीनेही तास-सव्वा तास जातो, घरापासून कचेरीपर्यंतचं धरलं तर रोजचे तीन-चार तास प्रवासाचेच. दिवा-कोपरदरम्यान दारात लटकणाऱ्या माणसाला ‘लोकलमध्ये लिहा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. मी ते सांगणार नाही. पण डोंबिवलीहून सुटणारी धीमी पकडली तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात आणि बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते, हे इथला प्रत्येक जुना प्रवासी जाणतो. खिडकीजवळ बसून मोबाइलवर अंगठ्याने चारपाचशे शब्द ठाण्याच्या आत होतात. बोलून टाइप करायची सोय गर्दीच्या डब्यात कुचकामी ठरते, भजनी मंडळाचे टाळ सुरू झाले की मोबाइल भलतंच ऐकतो. तिथे अंगठाच बरा. ज्यांना उभ्यानेच जायचं आहे त्यांनी गाडीत पुढचा प्रसंग मनात मांडावा आणि घरी टेबलाशी बसून उतरवावा. ठाण्याला उतरणाऱ्यांचा प्रवास कमी, त्यांनी तर सबब शोधूच नये.

नोकरदाराने कादंबरी लिहिणं यात काही नवल नाही. श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते, आणि कोकणातली त्यांची माणसं त्या नोकरीच्या वर्षांतच कागदावर आली. फॉकनरने ‘अॅज आय ले डाइंग’ १९२९मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करताना जेमतेम दीड महिन्यात लिहिली. सगळं सोडून लिहायला मिळालं तरच कादंबरी होते असं मानलं, तर कादंबरी फक्त सुखवस्तूंनी लिहावी असं म्हणावं लागेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. इशिगुरो चार आठवडे लिहू शकले, कारण त्यांच्या वाटणीचा स्वयंपाक आणि घरकाम त्या काळात लॉर्ना, त्यांच्या पत्नी, करत होत्या. आता कल्याणची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून डबे करायचे, गाडी गाठायची, परतताना लोकलमध्येच भाजी निवडायची आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. तिला महिना मिळत नाही, तो घराने द्यावा लागतो. महिनाभर रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याने आणि मुलांनी वाटून घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही. महिन्याच्या कादंबरीची तयारी वहीपेनाच्या आधी या बोलण्यापासून सुरू होते. ते बोलणं टाळून बाईला ‘तू लिहीत का नाहीस?’ असं विचारण्यात अर्थ नाही.

चौथा आक्षेप झटपट निकालात निघतो. मार्च २०२५च्या अखेरीला त्या संस्थेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, सप्टेंबर २०२४मध्ये, लेखनातल्या एआयला सरसकट विरोध करण्यामागे वर्गभेद आहे अशी भूमिका तिने घेतली आणि अनेक लेखक दुरावले. ते दुरावले हे योग्यच झालं. यंत्राकडून शब्द काढून घेणाऱ्याने महिनाभर काहीच केलेलं नसतं. या उपक्रमाची सगळी किंमत माणूस रोज स्वतः बसतो आणि पुढचं वाक्य स्वतः शोधतो यात आहे. संस्था मिटली म्हणून महिना मिटत नाही. त्याला परवानगी लागत नाही आणि वर्गणीही नाही.

आता मंडन. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, तर महिना कच्च्या खर्ड्याचा आहे. त्याच्या आधीचा महिना तयारीचा आणि नंतरचं वर्ष पुनर्लेखनाचं. हे तिन्ही मिळून कादंबरी होते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर खुशाल डिसेंबर धरावा, पण महिना एकदा ठरला की हलवू नये.

तयारीच्या महिन्यात एक वही करावी. मुख्य माणसं चार-पाच, प्रत्येकाला काय हवं आहे आणि ते त्याला का मिळत नाही, हे लिहावं. शेवट ठरवून ठेवावा. नंतर बदलला तरी चालेल, पण वाट दिसायला हवी. प्रसंगांची यादी तीसच्या आसपास असावी, म्हणजे रोज सकाळी काय लिहायचं हा प्रश्न पडणार नाही. ऐतिहासिक किंवा अभ्यासाचं काम असेल तर ते सारं याच काळात किंवा त्याहून खूप आधी उरकावं. लिहायच्या महिन्यात संदर्भ शोधत बसणारा बुडाला म्हणून समजा.

खरी कसोटी दुसऱ्या आठवड्यात लागते. पहिला आठवडा उत्साहात जातो, मग गोष्ट अडते. समजा, कादंबरीत डोंबिवलीतली एक जुनी इमारत पुनर्विकासाला निघालीय, सोसायटीची सभा भरलीय, सचिव आणि तळमजल्यावरच्या आजी हमरीतुमरीवर आल्यात आणि पुढे काय ते सुचत नाही. अशा वेळी चौकटी कंसात लिहावं, ‘इथे सभा मोडते’, आणि थेट पुढच्या दिवशीच्या सकाळवर जावं, आजी नळाला पाणी भरतायत तिथे. बहुतेकदा त्या पाण्याच्या रांगेतच कळतं, की सभेत नेमकं काय झालं. मागे जाऊन सुधारायचं नाही, हा महिन्याचा एकमेव कडक नियम. आपल्याकडच्या वह्या पहिल्या प्रकरणाशी थांबतात त्या याही कारणाने: पहिलं प्रकरण सातव्यांदा लिहिलं जातं आणि दुसरं कधीच नाही.

आणि महिना संपल्यावर? इथे मी आक्षेपकांच्या बाजूने उभा आहे. डिसेंबरात कच्चा खर्डा स्वखर्चाने छापून जानेवारीत प्रकाशन समारंभ करणाऱ्यांनी या उपक्रमाची बदनामी केली आहे. खर्डा महिना-दीड महिना बंद ठेवावा, मग परक्याच्या नजरेने वाचावा, निम्मा कापावा, उरलेला पुन्हा लिहावा. ‘द नाइट सर्कस’ ही एरिन मॉर्गनस्टर्नची कादंबरी अशाच नोव्हेंबरांतून उगवली, पण छापून आली २०११मध्ये, अनेकदा नव्याने लिहून झाल्यावर. पुनर्लेखनाला कितीही वर्षं द्या. मात्र त्यासाठी आधी पुरा झालेला मजकूर हातात असावा लागतो. न लिहिलेल्या पानावर संस्कार करता येत नाहीत.

हे सारं मी आपल्या भागासाठी एवढ्या तळमळीने सांगतो, कारण इथे लिहायला अमाप आहे. एमआयडीसीचा वास आणि स्फोट, सत्तावीस गावांतल्या आगरी घरांच्या बदलत्या पिढ्या, पत्री पुलाचा खोळंबा, खाडीतली रेती, चाळ पाडून उभे राहिलेले मजले. शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिले, इथल्या मध्यमवर्गाला त्यांनी कथेत आणलं, पु. भा. भावे इथलेच. २०१७चं साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं, २०१०चं ठाण्यात. संमेलनं झाली, मांडव उतरले. या शहरांचं आजचं जगणं सांगणाऱ्या कादंबऱ्या अजून मूठभरच आहेत. त्या बाहेरून कुणी येऊन लिहिणार नाही.

शिवाय एकत्र काही सुरू करायचं आपल्याला चांगलं जमतं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९मध्ये डोंबिवलीतून निघाली आणि महाराष्ट्रभर गेली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशा वाचनालयांनी त्या एका महिन्यात संध्याकाळी एक टेबल आणि काही खुर्च्या लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. भाषणं नकोत, उद्घाटन नको. दहा जणांनी शेजारी बसून गप्प लिहावं आणि उठताना आजचा आकडा फळ्यावर मांडावा. दहातले चार पुरे करतील, त्यातलं एखादं पुस्तक होईल. उरलेल्या सहांना कादंबरी आतून कशी उभी राहते ते कळलेलं असेल आणि ते पुढे जास्त डोळसपणे वाचतील. मराठीला लेखकांइतकीच अशा वाचकांची निकड आहे. ‘महिन्यात होत नसते’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही त्या टेबलाशी एक खुर्ची आहे: खर्डे पुरे झाले, की ते निर्दयपणे वाचून दोष दाखवायला त्यांच्याइतकं लायक दुसरं कुणी नाही.