हापूस कोणाचाच नाही, आणि आधीच कोणाचा तरी आहे

दिवाळी सरली की आमच्या टेबलावर पालवीचे, मोहोराचे आणि तुडतुड्याचे प्रश्न येऊन पडतात, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. यंदा तुडतुडा मागे पडला आणि ट्रेडमार्कच्या परीक्षण अहवालांच्या झेरॉक्स पुढे आल्या. पाठवणारे बहुतेक जण दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाच्या दारात पेटी पोचवणारे बागायतदार. तक्रार एकसारखी: साइटचे नाव ठरवले, डोमेन मिळाले, खोकी छापून आली, अर्ज केला, आणि नोंदणी कार्यालयाने हरकत घेतली.

त्यातला एक अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. राजापूर तालुक्यातल्या वाचकाचा. साइटच्या नावात आधी गाव, मग 'हापूस', शेवटी 'डायरेक्ट'. अर्ज ताज्या फळांच्या वर्ग ३१ मध्ये. पहिली हरकत ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(१)(ब) खाली: हे नाव माल कसला आणि कुठला एवढेच सांगते, सबब ते कोणा एकाचे होऊ शकत नाही. ठीक, कायदा तसाच आहे. त्याच्याच खाली दुसरी हरकत, कलम ११(१): अर्जदाराच्या नावाशी मिळतीजुळती नावे आधीपासून नोंदणीपुस्तकात आहेत. सोबत यादी, आणि यादीतल्या प्रत्येक नावात हापूस नाहीतर अल्फान्सो. म्हणजे एकाच कागदावर, एकाच सहीखाली, तोच शब्द कोणाचाच होऊ शकत नाही आणि तो दुसऱ्याचा होऊनही बसलेला आहे.

साहेबांचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. त्या जुन्या खुणा चित्रासकट नोंदल्या आहेत आणि कलम १७ प्रमाणे त्यांतल्या सामान्य शब्दावर वेगळा हक्क मिळत नाही. उत्तम! मग ज्या शब्दावर त्यांचा हक्कच नाही, तो शब्द आमच्या माणसाच्या आड कसा येतो? संगणकात 'हापूस' टाकायचे, जे बाहेर पडेल ते यादीला चिकटवायचे आणि अर्जदाराने एजंटाला पैसे मोजून त्याचा खुलासा करायचा, अशी ही रीत आहे. खुलाशाला मुदत एक महिना. तो महिना आंबा काढणीत आला, ईमेल पाहायचा राहिला, की अर्ज 'सोडून दिलेला' ठरणार. २०१६ च्या मार्चअखेरीस याच खात्याने असे अर्ज घाऊक भावात निकाली काढले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले होते. तेव्हा अर्जात ईमेल एजंटाचा असो वा तुमचा, एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा साइटवर जाऊन स्वतः स्टेटस बघा.

कार्यालयाचे झाले. आता आपले.

दरवर्षी तीच तीच नावे का सुचतात आपल्याला? रत्नागिरी, देवगड, कोकण, हापूस, आंबा, फ्रेश, ऑनलाइन. पत्त्यांसारखे पिसायचे आणि दोन-तीन पाने काढायची. 'गुगलवर वर यायला पाहिजे' हे कारण आम्ही ऐकून ऐकून थकलो. गुगलवर वर येण्यासाठी हापूस हा शब्द पानावर मालाच्या वर्णनात हवा. दुकानाच्या पाटीवर त्याची गरज नाही. शादी डॉट कॉमसारख्या बड्या कंपनीने 'सेकंड शादी' नावाच्या साइटला रोखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायलाही नकार दिला, कारण शब्दच सर्वांचा. त्यांना शादी धरून ठेवता आली नाही, तुम्ही हापूस काय धरणार?

या निकालाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. देवगडच्या एका वाचकाने मिळत्याजुळत्या नावाच्या विक्रेत्याची वकिली नोटीस येताच ऐन एप्रिलात साइट बंद केली. तीसेक दिवसांचा धंदा बुडाला. दोघांच्या नावात सारखे होते ते फक्त तालुका आणि फळ. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, एवढे त्याला कोणी सांगायला हवे होते.

पण शब्द खरोखर दुसऱ्याचा असेल, तर एखादे अक्षर इकडेतिकडे करून सुटका नाही. रेडिफ आणि रॅडिफ यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात १९९९ मध्येच झाला आणि एका अक्षराचा फरक चालला नाही. २००४ च्या सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डोमेन ही धंद्याची ओळखच आहे आणि दुसऱ्याच्या ओळखीवर माल खपवता येत नाही. डोमेन मिळाले याचा अर्थ ते नाव त्या दिवशी मोकळे होते, इतकाच. आपल्याकडे तर रोमन लिपीत एकेक शब्द पाच तऱ्हांनी लिहितात. म्हणून नोंदणीच्या साइटवर शोध घेताना 'फोनेटिक'चा पर्याय वापरा, आणि ३१ वर थांबू नका. पल्प विकणार असाल तर २९ आणि ऑनलाइन विक्रीसाठी ३५ हे वर्गही पाहा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क वर्गामागे साडेचार हजार आहे. खोकी छापण्याआधी ते परवडते.

भौगोलिक मानांकनाची, म्हणजे जीआयची, गोष्ट याहून लाजिरवाणी. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला ते मिळाले. मिरवणुका निघाल्या. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवायचे असते, हे कितीजणांनी मनावर घेतले? २०२० मध्ये त्या अर्जाचे शुल्क पाचशेवरून दहा रुपयांवर आले. दहा रुपये! सातबारा काढून तो अर्ज न भरणारे बागायतदार परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपतो म्हणून वाशीच्या दलालांना शिव्या घालतात, आणि साइटवर 'जीआय प्रमाणित' असे लिहून मोकळे होतात. हे थांबवा. नोंद नसेल तर ते शब्द आजच साइटवरून काढा.

मग नाव ठेवायचे काय? बागेचे नाव ठेवा, वाडीतल्या लोकांनाच ठाऊक असलेल्या सड्याचे, पाणंदीचे, जुन्या कलमाचे ठेवा. पणजीने कलमाला दिलेले विचित्र नाव असेल तर सोन्याहून पिवळे. ज्या शब्दाचा आंब्याशी काही संबंध नाही तो आंब्यासाठी सगळ्यात भक्कम. आडनाव लावायचे तर कलम ३५ प्रामाणिक वापराला आडोसा देते. पण त्याच आडनावाचा गाजलेला खाद्यपदार्थवाला आधीपासून असेल तर त्या आडोशाखाली उभे राहू नका, गळतो.

आणखी एक. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आज रात्री तपासा. साइट पुण्याच्या भाच्याने करून दिलेली असते आणि डोमेन त्याच्याच ईमेलवर असते. भाचा गुणी आहे, पण तो उद्या कॅनडाला गेला की नूतनीकरणाचा निरोप त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये सडणार.

वापर जुना असल्याचा दावा करायचा तर टीएम-ए या नोंदणी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. पहिल्या हंगामाची बिले, एसटी पार्सलच्या पावत्या, नाव छापलेल्या खोक्याचे छापखान्याचे बिल, दलालाची पट्टी, जे सापडेल ते फाइलला लावा. कलम ३४ खाली आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहे, पण तारखेचा कागद असेल तरच.

ज्यांच्या अहवालात कलम ९ आणि कलम ११ एकाच शब्दासाठी लावली आहेत, त्यांनी अहवालाची प्रत येत्या पौर्णिमेच्या आत आमच्याकडे पाठवावी. व्यक्तिगत तपशील झाकून सगळ्या प्रतींची एक फाइल करू आणि अँटॉप हिलच्या कार्यालयात स्वतः नेऊन देऊ. सोबत यायला दोन-तीन बागायतदार हवेत. मोहोर फुटल्यावर कोणी मिळणार नाही, म्हणून आत्ता विचारतो आहोत.