आधी पाणी विचारा, मग पेस्ट

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या बंदी भाग म्हणतात त्या पट्ट्यातली एक आई आठ-नऊ वर्षांच्या पोराला घेऊन ढाणकीत माझ्या मेडिकलवर आली. "भाऊ, याचे दात पांढरे होतील अशी पेस्ट द्या. शाळेत पोरं चिडवतात." पोरगं तोंड उघडेना. उघडलं तेव्हा समोरच्या दोन्ही दातांवर खडू ओढल्यासारखे पट्टे आणि मधे तपकिरी डाग दिसले. ती रोज राखुंडीनं घासून घ्यायची. हिरड्या लालभडक झाल्या होत्या.

"पाणी कोणतं पिता?"

"बोअरचं. याच्या जन्माआधीपासून."

पांढरं करणारी पेस्ट मी दिली नाही. यवतमाळ जिल्ह्यात अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पोटात गेलं, तर दाताचं आवरण असं डागाळूनच बाहेर येतं. मग कितीही घासा, डाग निघत नाही, उलट खरखरीत पावडरनं आवरण झिजतं. त्या लेकराचा आळस नव्हता, हे आधी त्याच्या आईला सांगावं लागलं. डाग कशाचे, हे दंतवैद्यच पक्कं सांगतील, म्हणून तिकडे पाठवलं.

हे ऐकून काही जण फ्लोराइडची पेस्टच घरातून काढून टाकतात. तेही चूक. दात किडू नयेत म्हणून तेच फ्लोराइड कामाचं आहे. आपल्या कायद्यानं पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपर्यंतच असावं लागतं आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. मोठी माणसं थुंकून टाकतात. लहान लेकरं गोड लागते म्हणून गिळतात, आणि जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात! तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते, तीही मोठ्यांनी लावून द्यावी. पाण्यातच फ्लोराइड असेल, तर लहानग्याची पेस्ट दंतवैद्याला विचारूनच घ्यावी.

दातात ठणका लागला असेल, तर कुठलीच पेस्ट मागू नका, दवाखाना गाठा.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ पर्यंत. पाणी उकळून ते कमी होत नाही. तुमच्या बोअरचा आकडा किती, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. तपासणी झाली नसेल, तर करून मागा. आणि माझ्याकडे पेस्ट घ्यायला याल, तेव्हा तो आकडा सोबत आणा.