पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्ह घाला

कुरळ्या केसांची हौसेने निगा राखणाऱ्या घरांत गेल्या काही वर्षांत जवसाला नवं काम मिळालं आहे. एरवी चटणीत जाणारे हे दाणे आता पातेल्यात उकळतात. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच आणि सतत ढवळणं. आठ-दहा मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येतो आणि चमचा उचलला की तार सुटते. तेवढ्यात गॅस बंद करून गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळायचं. गार झालं तर ते कापडातून उतरतच नाही. हाती येतं ते पारदर्शक, बुळबुळीत जेल. बटा जागच्या जागी धरून ठेवण्यात ते दुकानातल्या जेलला हार जात नाही आणि खर्च जवळपास काहीच नाही.

अडचण नंतर येते. ओट्यावर राहिलेलं जेल एक-दोन दिवसांतच पातळ होऊ लागतं, त्याला आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं. मग ते टिकवायचं कसं, हा प्रश्न मैत्रिणींत फिरतो आणि उत्तरंही ठरलेली मिळतात: व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घाल, टी ट्री तेलाचे चार थेंब टाक, कडुलिंबाचा अर्क घाल, लिंबू पिळ. यातल्या एकाही उपायाने ते जेल महिनाभर सुरक्षित राहत नाही. घरगुती सौंदर्यप्रसाधनांचा छंद चांगला आहे आणि तो वाढावा. पण ज्या वस्तूत पाणी आहे आणि जी दोन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायची आहे, तिच्यात खरं प्रिझर्व्हेटिव्ह मोजून घातलंच पाहिजे, असं या स्तंभाचं स्पष्ट मत आहे.

आपल्या जुन्या पद्धती या बाबतीत फार शहाण्या होत्या. उटणं पाहा. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला हे सगळं वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून कोरडं ठेवायचं आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे लागेल तेवढंच भिजवायचं. शिकेकाई-रिठ्याचंही तसंच. न्हाण्याच्या आदल्या रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून गाळायचं, वापरायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. रिठ्याच्या पाण्याची बाटली भरून महिनाभर न्हाणीघरात ठेवायची कल्पना कुणाच्या मनात आली नव्हती.

माक्याचं किंवा जास्वंदीचं तेल उकळतानाही खरी नजर पाण्यावरच असते. पाल्याचा रस खोबरेल तेलात घातला की ते तडतडतं. ती तडतड पूर्ण थांबेपर्यंत आच बंद करायची नाही. वैद्यकीतली परीक्षा आणखी नेमकी आहे: वात त्या तेलात बुडवून पेटवायची. चटचट आवाज आला तर आत अजून पाणी आहे. पाणी नसलेल्या तेलात जिवाणू किंवा बुरशी वाढू शकत नाही. ते तेल हवेने खवट होतं, इतकंच. व्हिटॅमिन ईचं काम नेमकं इथे आहे. ते तेलाचं खवटणं लांबवतं, जंतू मारत नाही. म्हणून केसांच्या तेलात ते घातलं तर उपयोग, जवसाच्या जेलमध्ये घातलं तर टिकण्याच्या दृष्टीने काहीच नाही.

शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या गुणांच्या मुदती दिल्या आहेत. चूर्णाचा जोर दोन महिन्यांनी ओसरतो, असं तिथे म्हटलं आहे. आसव-अरिष्टं मात्र वर्षानुवर्षं टिकतात, कारण आंबवण्यातून तयार होणारं अल्कोहोल त्यांना राखतं. म्हणजे टिकवणारा पदार्थ लागतो, ही समज आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे तर घराघरात शिकवलं जातं. क्रीम-लोशनच्या बरणीत रोज ओली बोटं जातात आणि आत मीठही नसतं.

बदल झाला तो क्रीम, लोशन आणि जेल घरात बनू लागल्यावर. साध्या लोशनमध्ये साठ ते ऐंशी टक्के पाणी असतं. त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, तांदळाचं पाणी, मध, ओट असं काही घातलं की जंतूंना पाण्यासोबत अन्नही मिळतं. वातावरण अनुकूल असेल तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एका जिवाणूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होतात. पाणी उकळून घेतलं, भांडी धुतली, बाटली गरम पाण्यातून काढली, ही सगळी स्वच्छता आवश्यकच आहे. तिच्यामुळे सुरुवातीचे जंतू कमी होतात. बाटली उघडल्यानंतर हवेतून आणि बोटांवरून येणाऱ्या जंतूंना ती अडवू शकत नाही. ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ नावाचा जिवाणू तर डिस्टिल्ड वॉटरमध्येही वाढतो, हे 1971 सालीच प्रसिद्ध झालं आहे.

हाच जिवाणू सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात फार वाईट कारणासाठी ओळखला जातो. 1970च्या दशकात अमेरिकेत अटलांटातले लुई विल्सन आणि डोनाल्ड अहर्न यांनी मस्कारा आणि डोळ्यांचे जंतुसंसर्ग यांचा संबंध शोधला. पापण्यांना लावताना ब्रश चुकून बुबुळाला घासला, बारीक ओरखडा उठला आणि मस्काऱ्यात वाढलेला स्यूडोमोनास तिथे शिरला की कॉर्नियावर व्रण होत असे. 1977 साली त्यांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दूषित वस्तू दिसायला दूषित नसते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. काळी-हिरवी बुरशी दिसते, वासही येतो. पण एका ग्रॅममध्ये लाखो जिवाणू असूनही क्रीम पांढरंशुभ्र आणि सुवासिक असू शकतं. ‘खराब झालं की कळेलच’ हा भरवसा धोक्याचा आहे.

आता भीतीकडे वळू. प्रिझर्व्हेटिव्ह या शब्दाचा धसका लोकांनी घेतला, त्याला मुख्यतः एक अभ्यास कारणीभूत आहे. 2004 साली ब्रिटनमध्ये फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांनी स्तनांच्या गाठींचे वीस नमुने तपासले आणि त्यांत पॅराबेन आढळल्याचं प्रसिद्ध केलं. त्यात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला, असा निष्कर्षही नव्हता. तरीही बातमी जगभर पसरली आणि ‘पॅराबेन-फ्री’ हे बाटलीवर मिरवण्याचं बिरुद झालं.

पुढे जे घडलं ते प्रत्येक घरगुती उत्पादकाने वाचावं असं आहे. पॅराबेन काढलं, तरी पाणी होतंच. मग अनेक कंपन्यांनी मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह जास्त प्रमाणात वापरायला घेतलं. काही वर्षांत युरोपातल्या त्वचारोग चिकित्सालयांत त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण झपाट्याने वाढले. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिस तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ जाहीर केलं. 2017 पासून युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांमध्ये त्यावर बंदी आली. त्याच संघटनेने 2019 साली पॅराबेनला मात्र ‘अ‍ॅलर्जन नसलेला’ म्हणून मान दिला, कारण त्याची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते. याचा अर्थ पॅराबेनबद्दलचे सगळे प्रश्न मिटले असा नाही. युरोपीय संघाने 2014 साली पाच पॅराबेनांवर बंदी घातली आणि प्रोपिल-ब्युटिल पॅराबेनची मर्यादा आणखी खाली आणली. मेथिल पॅराबेनला 0.4 टक्क्यांपर्यंत आजही परवानगी आहे. प्रत्येक प्रिझर्व्हेटिव्हची अशी स्वतंत्र मर्यादा असते, आणि ती पाळून सुरक्षित राहता येतं.

‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. 1999 साली जर्मन संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क तपासले. पाच अर्क जंतूंना रोखत होते, आणि त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम रसायन निघालं. सहाव्यात कोणतंही प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं आणि तो जंतूंना रोखतही नव्हता. सुगंधी तेलांचं दुखणं वेगळं आहे. जंतू रोखण्याइतकं टी ट्री तेल लोशनमध्ये घातलं, तर ते त्वचेलाच झोंबण्याची शक्यता असते.

मग घालायचं काय? घरच्या कामाला फिनॉक्सिइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरिन यांचं तयार मिश्रण सोयीचं आहे. फिनॉक्सिइथेनॉल एकटं बुरशीपुढे कमी पडतं, जोडीदारामुळे त्याचा मारा वाढतो. फिनॉक्सिइथेनॉलची युरोपातली कमाल मर्यादा 1 टक्का आहे. म्हणजे 100 ग्रॅम लोशनमध्ये हे मिश्रण जास्तीत जास्त 1 ग्रॅम. थेंब मोजून हे काम होत नाही, कारण ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. एक दशांश नव्हे, एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा विकत घ्यावा. लोशन बनवताना तेल-मेण आणि पाणी वेगवेगळं सत्तर अंशांच्या आसपास गरम करतात, एकत्र घुसळतात आणि मिश्रण चाळीस अंशांच्या आसपास उतरलं की प्रिझर्व्हेटिव्ह घालून पुन्हा नीट ढवळतात. 

सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही नावं लोणची-सरबतांच्या लेबलवर वाचलेली असल्याने लोकांना ती जवळची वाटतात. ती चालतात, पण सामू, म्हणजे पीएच, सांभाळला तरच. बेंझोएटचं आम्लरूपच जंतूच्या आत शिरतं. सामू 4.2 असेल तर निम्मं बेंझोएट आम्लरूपात असतं. 5.2 ला सुमारे नऊ टक्के उरतं आणि 6.2 ला जेमतेम एक टक्का. जवसाचं जेल नुसतं उकळून काढलं की त्याचा सामू उदासीनच्या जवळ असतो. त्यात बेंझोएट घालणं म्हणजे पुडी वाया घालवणं. आधी पाण्यात विरघळवलेलं सायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने घालून, पट्टीने तपासत, सामू साडेचार ते पाचच्या दरम्यान आणावा लागतो. निरोगी त्वचेचा सामूही साधारण पाचच्या आसपासच असतो, त्यामुळे एवढी आम्लता सहसा चालते. तरी जवस किंवा कोरफड यांसारख्या जंतूंना भरपूर खाद्य देणाऱ्या जेलसाठी ही जोडी एकटी कमजोरच म्हणायला हवी. तिथे फिनॉक्सिइथेनॉलचं मिश्रण अधिक भरवशाचं, आणि तेही घालून बाटली महिना-दीड महिन्यात संपवावी. तोंड रुंद असलेल्या बरणीपेक्षा पंपाची बाटली बरी.

ज्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नकोच आहे, त्यांच्यासाठीही सरळ वाट आहे. जवसाचं जेल बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं आणि लागेल तेवढा एकेक तुकडा काढावा. नाहीतर पाणी नसलेल्या वस्तू कराव्यात: तेल, मेण-तुपाचा मलम, कोरडा लेप, साबणाची वडी. या निवडीत कमीपणा काहीच नाही.

घरात स्वतःपुरतं बनवणं आणि विकणं यांत मात्र मोठा फरक आहे. दिवाळीच्या तोंडावर शहरोशहरी भरणाऱ्या प्रदर्शनांत ‘केमिकल-फ्री’, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ असं लिहिलेली कोरफड जेल, रिठा शाम्पू आणि फेस क्रीम सर्रास दिसतात. अनेक स्टॉल बचत गटांच्या कष्टाळू बायकांचे असतात, त्यामुळे बोलायला जड जातं, पण बोलायला हवं. 2020च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. लेबलवर घटकांची नावं, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत असावी लागते. स्वतःचा कारखाना झेपत नसेल, तर परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या सूत्राप्रमाणे माल करून घेण्याची सोय आहे.

सहा महिन्यांची मुदत छापायची, तर तिला आधार हवा. ‘चॅलेंज टेस्ट’ त्यासाठीच असते. आयएसओ 11930 या मानकानुसार नमुन्यात तीन प्रकारचे जिवाणू, एक यीस्ट आणि एक बुरशी मुद्दाम सोडतात आणि अठ्ठावीस दिवस मोजणी करतात. पहिल्या प्रतीच्या निकषासाठी सात दिवसांत जिवाणूंची संख्या हजारपटीने घटावी लागते. ही चाचणी खासगी प्रयोगशाळांत करून मिळते. बचत गटांना कर्ज आणि स्टॉल देणाऱ्या सरकारी योजनांनी या चाचणीचा खर्चही उचलावा, ही या स्तंभाची मागणी आहे. पापड-मसाल्याच्या उद्योगाला जशी स्वच्छतेची शिकवण मिळते, तशी सामूच्या पट्टीची आणि काट्याची शिकवण या बायकांना मिळाली, तर त्यांचा माल मोठ्या कंपन्यांच्या मालाशेजारी ताठ मानेने उभा राहील.

तोवर जबाबदारी विकत घेणाऱ्यावर येते. पुढच्या प्रदर्शनात पाणी असलेलं कोणतंही जेल, क्रीम किंवा शाम्पू हातात घ्याल तेव्हा परवाना क्रमांक आणि प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आवर्जून विचारा. लहान मुलासाठी किंवा डोळ्यांभोवती लावण्यासाठी घेत असाल, तर उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘यात काहीच घातलेलं नाही’ असं उत्तर आलं, तर ती बाटली परत ठेवा आणि शेजारचं कोरडं उटणं घ्या.