मानेवरचा भार

हिवरे बाजारात चराईबंदीने डोंगर हिरवा झाला, दूधधंदा वाढला. मात्र गवत विळ्याने कापून भारा घरी आणायचा, म्हणजे ओझे मानेवरच! अशा मानेतील नस दबून हाताला मुंग्या आल्या की डॉक्टर कधी ट्रॅक्शन सुचवतात. नाव ऐकून भिऊ नये.

रजिस्टरवर वाकून माझीही मान धरली होती. टेबलावर उताणे झोपवले, गुडघ्याखाली उशी दिली, डोक्याकडचा भाग उचलून मान थोडी पुढे झुकवली. हनुवटी व डोक्यामागे पट्टा लावून यंत्राने हळूहळू ताण दिला. सुरुवातीला ४ किलो, १० मिनिटे. बंद करायचे बटण आपल्याच हातात असते. चक्कर आली, कळ वाढली की दाबावे; संकोच करू नये.

हाडे ठिसूळ असतील, आमवात असेल, मानेला मार लागला असेल तर आधीच सांगा. हातातून भांडे निसटते, चालताना तोल जातो, अशा वेळी ट्रॅक्शन नको. थेट डॉक्टर गाठा. ट्रॅक्शनने सर्वांनाच गुण येतो असे नाही. सांगितलेला व्यायाम करावाच लागतो.

घरी विटा टांगून ताण देऊ नका. सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. आणि भारा दोघांत वाटून घ्या. तो एकट्या माउलीचा नाही.