सावरण्यासाठी माणसे हवीत

बालदिनाच्या प्रभातफेऱ्या आणि भाषणे आटोपून चार दिवस होतात न होतात, तोच १८ नोव्हेंबर येतो. बालकांवरील लैंगिक शोषण, अत्याचार व हिंसा रोखण्याचा आणि त्यातून गेलेल्या मुलांना सावरण्याचा हा जागतिक दिवस. सिएरा लिओनच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये तो जाहीर केला. अत्याचार रोखण्याविषयी आपल्याकडे आता थोडेफार बोलले जाते. ज्या मुलावर तो होऊन गेला, त्याने दुसऱ्या दिवशी कसे जगायचे, हा प्रश्न मात्र त्याच्या घरावर सोडून आपण मोकळे होतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. बहुतेकांनी ती गोष्ट तोवर कुणालाही सांगितलेली नव्हती. अत्याचार करणारा बऱ्याचदा ओळखीतला, विश्वासातला, कधी घरातलाच असतो. अशा वेळी मूल तोंड उघडते, ते मोठा धीर करून. त्यावर ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘तू तिकडे गेलीसच कशाला?’ किंवा ‘बाहेर बोलू नकोस, घराची अब्रू जाईल’ असे ऐकायला मिळाले, तर ते पुन्हा मिटते आणि वर्षानुवर्षे मिटलेलेच राहते. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही’ हे वाक्य त्याला सगळ्यात आधी ऐकू यायला हवे.

बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनीच, लागू झाला. मुलांच्या मनाचा विचार त्यात बारकाईने केलेला आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, त्या वेळी पोलिसांनी गणवेश घालायचा नाही, मुलाला आरोपीसमोर आणायचे नाही, वारंवार कोर्टात बोलवायचे नाही, त्याची ओळख उघड करायची नाही. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलाला सहायक व्यक्ती देऊ शकते. तक्रारीपासून निकालापर्यंत तिने मुलाच्या आणि कुटुंबाच्या सोबत राहायचे असते. तातडीच्या गरजांसाठी मदतीचीही तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून पीडितांना अर्थसाहाय्य व पुनर्वसनाचा आधार देणारी ‘मनोधैर्य’ योजना आहे. हे सारे प्रत्येक पीडित मुलापर्यंत वेळेवर पोहोचवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्यात होणारी दिरंगाई अक्षम्य आहे.

पण सहायक व्यक्ती कोर्टाच्या दारापर्यंत सोबत असते. वर्गात, वाडीत, सोसायटीत मुलासोबत आपण असतो. तिथे आपण काय करतो? मुलीची शाळा बंद होते, तिला मामाच्या गावी धाडतात, घाईने स्थळ शोधतात. मुलग्याला ‘पुरुषासारखा राहा’ म्हणून गप्प करतात. गावातली चार वजनदार माणसे ‘आपसात मिटवा’ म्हणत घरी येऊन बसतात. अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हाच कायद्याने गुन्हा आहे. एका शिक्षकावरील बाल लैंगिक अत्याचाराचा खटला अशाच तडजोडीच्या आधारे रद्द झाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालवायला लावला. मुलाचे दुःख हा दोन घरांमधला व्यवहार होऊ शकत नाही.

सावरणे एका समुपदेशनाने किंवा एका निकालाने होत नाही. बरे वाटू लागलेले मूल एखाद्या वासाने, एखाद्या आवाजाने पुन्हा घाबरते. काहींना तर चाळिशीत पहिल्यांदा बोलावेसे वाटते. त्यांनाही ‘आता कशाला उकरून काढता?’ असे विचारण्याचा अधिकार कुणाला नाही. त्यांच्या गतीने, त्यांना हवे तेवढेच ऐकणारी माणसे लागतात. मैत्रिणीने रोजच्यासारखे खेळायला बोलावणे, बाईंनी बुडालेला अभ्यास गाजावाजा न करता भरून काढणे, शेजारणीने आईला तारखेच्या दिवशी सोबत करणे, यातून मुलाला कळते की जग आपल्यावर उलटलेले नाही.

म्हणून या दिवशी मेणबत्त्यांपेक्षा काही साधे निर्धार हवेत. प्रत्येक शाळेने पीडित मुलाचे शिक्षण एक दिवसही तुटणार नाही याची हमी द्यावी. ग्रामपंचायतीने आणि सोसायटीने तडजोडीचा शब्द काढणाऱ्याला तिथेच थांबवावे. मुलाचे नाव, घर, फोटो आपल्या मोबाइलवरून पुढे जाऊ देऊ नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत, अहोरात्र चालणारा क्रमांक घराघरांतल्या मुलांना पाठ असावा. आणि एखादे मूल तुमच्याजवळ येऊन अडखळत बोलू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवा, त्याचे पूर्ण ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा आणि त्यानंतरही त्याची साथ सोडू नका.