मोजून दिलेला श्वास, मोजून दिलेले रक्त

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला आले की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, काचेच्या पेटीत ठेवावे लागेल का?" त्यामागोमाग विनवणी येते, "हवे ते करा, पण काही कमी पडू देऊ नका." या विनवणीतील माया कोणालाही समजेल. परंतु नवजात शिशूंच्या उपचारांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास चाळला, तर ‘कमी पडू न देणे’ याचा अर्थ ‘अधिकाधिक देणे’ असा लावल्याने या इवल्या रुग्णांचे किती नुकसान झाले आहे, हे ध्यानी येते. प्राणवायू आणि रक्त या दोन्ही जीवनदायी गोष्टी खऱ्या. तथापि त्यांची मात्रा मोजमापाने व चाचण्यांच्या आधारे ठरवावी लागते. ममता आणि अंदाज तेथे पुरे पडत नाहीत. एवढेच प्रतिपादन करण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम श्वासाचा विचार करू. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांना साडेचौतीस आठवड्यांचा, सुमारे २.१ किलो वजनाचा पुत्र झाला. एका महासत्तेची सारी साधने हाताशी होती. बोस्टनला नेऊन त्या बाळाला उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षातही ठेवण्यात आले. तरीही ३९ तासांनी ते गेले. वायुकोश मिटू न देणारा सरफॅक्टंट हा पदार्थ त्याच्या फुफ्फुसांत पुरेसा तयार झालेला नव्हता. ही मूळ उणीव कितीही प्राणवायू दिला तरी भरून निघणारी नव्हती. मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ सालीच ती दाखवून दिली होती, पण उपाय हाती नव्हता. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बाळ श्वास सोडत असतानाही फुफ्फुसांत थोडा दाब टिकवून धरण्याची साधी युक्ती २० बालकांवर योजली व त्यांपैकी १६ जगली. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी सरफॅक्टंट थेट श्वासनलिकेत देऊन दाखविला. केनेडींच्या मुलाच्या वजनाचे बाळ आज आपल्या बेळगावातही सहसा सुखरूप घरी जाते, ते या परंपरेमुळे.

याच काळाची दुसरी बाजू मात्र विषण्ण करणारी आहे. १९४० ते १९५३ या वर्षांत जगभरात सुमारे १०,००० अकालजात बालके आंधळी झाली. त्यांना कोणी दुर्लक्षिले नव्हते. उलट उत्तमोत्तम रुग्णालयांत त्यांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला गेला होता. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्यावर बोट ठेवले आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने दोष सिद्ध केला. अति तेथे माती, हा धडा मिळाला.

परंतु लंबक लगेच दुसऱ्या टोकाला गेला. प्राणवायूवर सरसकट मर्यादा आली, अंधत्व घटले. आणि १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला, की वाचवलेल्या प्रत्येक बालकाच्या दृष्टीमागे सुमारे १६ बालके प्राणाला मुकली असावीत. हाच पेच २०१० साली ‘सपोर्ट’ या चाचणीत नेमका मोजला गेला. २४ ते २७ आठवड्यांच्या १,३१६ बालकांपैकी काहींची रक्तातील प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के, तर काहींची ९१ ते ९५ टक्के ठेवण्याचे ठरले. कमी पातळीच्या गटात दृष्टिपटलाचा गंभीर विकार निम्म्यावर आला, म्हणजे १७.९ ऐवजी ८.६ टक्के, पण मृत्यू मात्र १६.२ वरून १९.९ टक्क्यांवर गेले. डोळे वाचवताना जीव जाऊ लागले! म्हणून आज ९० ते ९५ टक्के ही अरुंद वाट सर्वत्र धरली जाते, आणि डोळ्यांची राखण वेळेवर केलेल्या तपासणीवर सोपविली जाते.

आता स्वतःकडे वळून पाहू. खानापूर, चंदगड, निपाणी या भागांतील लहान प्रसूतिगृहांपासून शहरातील सुसज्ज रुग्णालयांपर्यंत प्राणवायूची नळी आज सर्वत्र पोहोचली आहे. पण नळीबरोबर मोजमाप पोहोचले आहे काय? पल्स ऑक्सिमीटर आणि हवा-प्राणवायूचे प्रमाण ठरविणारा ब्लेंडर यांविना दिलेला प्राणवायू म्हणजे मात्रा न लिहिता दिलेले औषध होय. व्हेंटिलेटरच्या किमतीच्या मानाने ही साधने स्वस्त आहेत. तरीही संस्थेच्या जाहिरातीत व्हेंटिलेटर झळकतो, ब्लेंडर झळकत नाही. वास्तविक व्हेंटिलेटर हीच सर्वश्रेष्ठ सेवा, हा समजही तपासून पाहावा लागेल. २००८ च्या ‘कॉइन’ चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बालकांना जन्मतःच नळी घालून यंत्रावर ठेवणे आणि नाकावाटे सीपॅप देणे यांची तुलना झाली. मृत्यू वा फुफ्फुसांचा जुनाट विकार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. सीपॅपच्या गटात फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचे प्रमाण ३ ऐवजी ९ टक्के निघाले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे सीपॅपही डोळ्यांत तेल घालूनच द्यावा लागतो.

रक्ताची कथा याहून वेगळी नाही. एक किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे ९० मिलिलीटर रक्त असते. तपासणीसाठी त्यातून एक मिलिलीटर काढणे म्हणजे प्रौढाच्या अंगातून सुमारे ५५ मिलिलीटर काढणे होय. पहिल्या काही आठवड्यांत या बालकांना जो पंडुरोग होतो, त्याचे एक मोठे कारण आपणच लिहून दिलेल्या तपासण्या असतात. मग हिमोग्लोबिन किती उतरल्यावर रक्त चढवावे? सढळ हाताने रक्त दिल्यास मेंदूचे पोषण होईल, अशी अनेकांची धारणा होती आणि ती अतार्किकही नव्हती. २०२० साली दोन मोठ्या चाचण्यांनी तिचा निकाल लावला. अमेरिकेतील ‘टॉप’ चाचणीत १,८२४ बालके होती. श्वसनाचा आधार लागणाऱ्या बाळाला पहिल्या आठवड्यात एका गटात हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेल्यावर, तर दुसऱ्यात ११ च्या खाली गेल्यावर रक्त दिले. तिसऱ्या आठवड्यापासून, आधार लागत नसल्यास, या मर्यादा अनुक्रमे १० व ७ होत्या. दोन वर्षांच्या सुमारास मृत्यू वा मेंदूच्या वाढीतील बाधा यांचे प्रमाण ५०.१ आणि ४९.८ टक्के भरले. युरोपातील १,०१३ बालकांच्या ‘एटनो’ चाचणीत ते ४४.४ व ४२.९ टक्के होते. सढळ हाताने काहीच अधिक साधले नाही. बिंबाणूंच्या बाबतीत तर तो घातक ठरला. २०१९ च्या ‘प्लॅनेट-२’ चाचणीत ५०,००० च्या खाली लगेच बिंबाणू दिलेल्या गटात मृत्यू वा मोठा रक्तस्राव २६ टक्के, तर २५,००० पर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के आढळला.

यावरून कोणी रक्त देणेच टाळू लागेल, तर तो १९५० च्या दशकातील प्राणवायूबंदीचाच नवा अवतार ठरेल. चाचणीने जेथपर्यंत सुरक्षितता दाखविली, तेथपर्यंतच थांबावे. त्याखाली जाण्याचा परवाना कोणी दिलेला नाही.

येथे समाजबांधवांना एक विनंती. "बाहेरचे रक्त नको, बाळाच्या बापाचे किंवा मामाचे ताजे रक्त द्या," असा आग्रह वारंवार होतो. जवळच्या नातलगाच्या रक्तातील पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तेथे रुजतात आणि क्वचित बाळावरच प्राणघातक हल्ला करतात. म्हणून किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याविना असे रक्त देऊ नये. मामाने रक्तपेढीत जाऊन अवश्य रक्तदान करावे. ते दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. बाळासाठी त्याहून मोलाचे रक्त वारेत असते. तत्काळ कृत्रिम श्वास द्यावा लागत नसेल, तर नाळ बांधण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२३ च्या एकत्रित विश्लेषणात अशा थांबण्याने अकालजात बालकांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटलेले दिसले. या औषधाला पैसा लागत नाही, धीर लागतो.

"आमच्याकडे मनुष्यबळ नाही, परदेशी चाचण्या आम्हांला लागू पडतात का?" असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. बाळाची फुफ्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड द्यावे, हे लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले होते. गावोगावी ते देऊन पाहणारी सुमारे एक लाख जन्मांची चाचणी सहा देशांत झाली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष धक्कादायक होता. अत्यंत कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू दर हजारी सुमारे साडेतीनने वाढले. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून व बाळाच्या शुश्रूषेची सोय पाहून तेच औषध दिले, तेव्हा मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, मोजमाप आणि व्यवस्था यांनी फरक पडला. आपल्या परिसरातील मातांनी हे ज्ञान जगाला मिळवून दिले आहे. ते आपण वापरले नाही, तर त्यांच्या ऋणातून कसे उतराई होणार?

म्हणून आपल्या संस्थेसमोर चार गोष्टी ठेवतो. सभासदांच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ऑक्सिमीटरविना नवजाताला प्राणवायू दिला जाऊ नये. रक्त केव्हा चढवायचे, याचा लेखी तक्ता प्रत्येक शिशुविभागाच्या भिंतीवर असावा. एकाच रक्तदात्याचे रक्त लहान पिशव्यांत विभागून एका बाळासाठी राखून ठेवण्याची सोय शहरातील रक्तपेढ्यांकडे मागावी. आणि ३४ आठवड्यांपूर्वी वा दोन किलोंहून कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नेत्रतपासणी ३० दिवसांच्या आत, त्याहून लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच, झाली की नाही याची नोंदवही ठेवावी. बाळ घरी गेले तरी ती नोंद बंद होऊ नये.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवी इमारत वा देणगीदार लागत नाही. पुढील वार्षिक सभेत या चार नोंदींचा आढावा कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तर स्मरणिकेची ही पाने सत्कारणी लागली, असे म्हणता येईल.